60 अब्जांचं बक्षीस आणि न झाडलेल्या गोळ्या

[पडद्यावर पिवळी वाळू, वर दोन सूर्य. नुसता वाऱ्याचा आवाज.]

विमा कंपनीकडे कधी क्लेम केलाय का तुम्ही? मी केलाय. पावसाळ्यात उभ्या स्कूटरवर गुलमोहराची फांदी पडली, हेडलाइटचा चुरा, आणि फोनवर एक माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला की सर तुमची पॉलिसी थर्ड पार्टीची आहे, हे नैसर्गिक आपत्तीत येतं, यात काही मिळणार नाही. ज्याने हा फोन घेतलाय त्याला ट्रायगन ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची मालिका, पटकन कळते. कारण यात हिरोच्या मागे बक्षिसासाठी टोळ्या लागल्यात त्या लागल्यातच, पण सगळ्यात चिकाटीने मागे लागल्यात दोन पोरी, मेरिल स्ट्राइफ आणि मिली थॉम्पसन, दोघी बर्नार्डेली नावाच्या विमा कंपनीत नोकरीला. काम काय तर हा माणूस जिथे जातो तिथे गाव उद्ध्वस्त होतं, ते होऊ द्यायचं नाही आणि वर रिपोर्ट पाठवायचा. पुढे तर त्या माणसालाच नैसर्गिक आपत्ती ठरवून टाकतात. भूकंप, वादळ, पूर आणि व्हॅश द स्टँपीड. विषय संपला, क्लेम द्यायलाच नको.

[शीर्षक. गिटारचा तुकडा.]

1998 चा एप्रिल. जपानच्या टीव्ही टोकियोवर 1 तारखेला ट्रायगन सुरू झाली आणि दोनच दिवसांनी त्याच चॅनेलवर काउबॉय बीबॉप ही दुसरी ॲनिमे. म्हणजे अंतराळ आणि काउबॉय हे कालवण एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या हातांनी केलेलं. बीबॉपचं कौतुक सगळं जग करतं, करू दे, दिसायला ती आहेच देखणी. पण माझं मत विचाराल तर वेस्टर्नला, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांना, खरा अडचणीचा प्रश्न ट्रायगनने विचारला. वेस्टर्नमध्ये शेवटी काय होतं, दोघं समोरासमोर उभे राहतात, एक जण पडतो आणि गावाचा प्रश्न मिटतो. इथे जो सगळ्यात भारी नेमबाज आहे त्याने ठरवलंय की कुणालाच पाडायचं नाही. मग गोष्ट पुढे सरकणार कशी? हे 26 भाग त्या एका अडचणीवर चाललेत.

मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, यासुहिरो नाइटो यांची, 1995 मध्ये सुरू झालेली. ज्या मासिकात यायची ते 1997 मध्ये बंद पडलं, मग दुसऱ्या मासिकात ट्रायगन मॅक्सिमम नावाने चालू झाली ती 2007 पर्यंत. हे सांगायचं कारण म्हणजे मॅडहाउस स्टुडिओने ॲनिमे केली तेव्हा मूळ गोष्ट अर्ध्यावर पण नव्हती. दिग्दर्शक सातोशी निशिमुरा आणि लेखक योसुके कुरोदा, यांना शेवट स्वतःच रचावा लागला. त्याचे फायदे झाले, तोटेही झाले, येतो त्यावर.

ग्रहाचं नाव गनस्मोक. पृथ्वीवरून माणसं जहाजं भरून निघाली, ती जहाजं इथे कोसळली, आणि आता त्या सांगाड्यांच्या आधाराने गावं उभी आहेत. पाणी आणि वीज सगळं काचेच्या अजस्र बल्बसारख्या दिसणाऱ्या प्लांटवर. ज्या गावाचा प्लांट बिघडला ते गाव गेलंच म्हणून समजा. शहरांची नावं महिन्यांवरून, जुलाय, ऑगस्टा, डिसेंबर. घोडे नाहीत, शहामृगासारखे पक्षी आहेत, त्यांना थॉमस म्हणतात, का ते कुणी विचारू नये.

आणि या वाळूत लाल कोट घालून डोनट खात फिरणारा हा लांबुळका माणूस, म्हणजे व्हॅश. डोक्यावर 60 अब्ज डबल डॉलरचं बक्षीस. जुलाय शहर एका रात्रीत नाहीसं झालं, ते यानेच केलं म्हणतात, आणि याला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही.

[पाचवा भाग: इनेप्रिल गावातला पाठलाग.]

आता तक्रार अशी असते की सुरुवातीचे आठ दहा भाग टाइमपास आहेत, फिलर आहेत, स्किप करा. मी पण तसंच केलेलं पहिल्यांदा. हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून घेतली होती, चार भाग बघितले, हा माणूस नुसता पळतोय, रडतोय, बायकांच्या मागे लाळ गाळतोय, बंद केली. दुसऱ्यांदा नीट बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे भाग म्हणजे जमाखर्चाची वही आहे. हा जो वेडेपणा करतो ना, धडपडतो, पाय घसरून पडतो, तेव्हा दर वेळी कुणाची तरी गोळी चुकलेली असते. इनेप्रिलमध्ये तर अख्खं गाव त्याच्या मागे बंदुका घेऊन लागतं, बक्षीस मिळालं तर गाव वाचेल म्हणून, आजीबाई सकट, आणि याला कुणाचा राग येत नाही कारण त्यांचं बरोबरच आहे. आपण हसतो. आणि मग मालिकेच्या मध्यावर एकदा त्याचा कोट, शर्ट उतरलेला दिसतो. अंगभर चिरा, टाके, छातीच्या एका बाजूला चक्क लोखंडी जाळी ठोकलेली, डावा हात कृत्रिम. जेवढ्या गोळ्या त्याने झाडल्या नाहीत तेवढ्या या अंगावर आल्यात. मेरिल बघते आणि तिला बोलायला काही सुचत नाही. तिथून मागे जाऊन पहिला भाग परत लावा, हसू येणार नाही तेवढं.

सतराव्या भागात त्याचं लहानपण येतं, जहाजावरचं. मला वाटतं पूर्ण मालिका एका मिनिटात बघायची असेल तर हा प्रसंग बघा. कोळ्याच्या जाळ्यात फुलपाखरू अडकलंय. व्हॅशला फुलपाखरू सोडवायचंय आणि कोळ्यालाही धक्का लावायचा नाहीये, म्हणून तो हळूहळू धागे सोडवत बसलाय. जुळा भाऊ नाइव्ह्ज येतो, कोळी चिरडतो, संपलं. आणि तो काही राक्षसासारखा बोलत नाही हो, हिशोबाने बोलतो, की दोघांना वाचवत बसलास तर कोळी उपाशी मरणारच, मग उगाच कशाला? आणि व्हॅशकडे याला उत्तर नाहीये. तो नुसता चिडतो, रडतो. लेखकाने त्याला उत्तर दिलं नाही हे मला फार आवडतं, कारण पुढचे नऊ भाग तो तेच शोधतोय.

वुल्फवुडबद्दल बोलायचं तर वेगळा व्हिडिओ लागेल. पाठीवर माणसाएवढा क्रॉस घेऊन फिरणारा पाद्री, क्रॉसच्या आत बंदुका. त्याचं म्हणणं सरळ, वेळ आली की मारावं लागतं, मगच बाकीचे जगतात. तेविसाव्या भागात हा माणूस जखमी होऊन चर्चमध्ये येतो, क्रॉस समोर ठेवतो, गुडघ्यावर बसतो, आणि देवाशी जे बोलतो ते भाषण नाहीये, तक्रार आहे, अर्धवट, मध्येच थांबणारी. बसल्या बसल्याच जातो. त्याच्या लगेच पुढच्या भागात लेगॅटो नावाचा माणूस व्हॅशला अशा कोपऱ्यात घेतो की मला मार, नाहीतर मेरिल आणि मिली मरतील. आणि व्हॅश गोळी झाडतो. चोवीस भागात पहिल्यांदा मुद्दाम झाडलेली, जीव घेणारी गोळी. दुसऱ्या कुठल्या वेस्टर्नमध्ये इथे टाळ्या पडल्या असत्या. इथे पुढचा भागभर हिरो अंथरुणाला खिळलेला.

दोष आहेत, भरपूर आहेत. पैसे कमी होते हे दिसतं, मारामारीत मध्येच स्थिर चित्र आणि त्यावर नुसत्या रेघा. तेरावा भाग बराचसा जुन्या तुकड्यांची उजळणी. गंग हो गन्स म्हणून जी खुन्यांची टोळी आहे त्यातले बरेच जण एका भागात येतात आणि जातात, नाव लक्षात राहत नाही. नाइव्ह्ज तर एवढा मोठा खलनायक आणि शेवटच्या भागापर्यंत दर्शनच दुर्लभ, हा मूळ मांगा अपुरी असल्याचा तोटा. मिलीला सुद्धा रडण्यापलीकडे शेवटी फार काही दिलं नाही, याचा मला खरंच राग आहे. पण त्सुनेओ इमाहोरीची गिटार एवढी खरबरीत आणि कोरडी आहे की चित्र थांबलं तरी वाळू दाताखाली येते. मार्क द्यायचेच तर लेखन 9, संगीत 9, ॲनिमेशन 5, आणि तेरावा भाग, पास, कसाबसा.

2023 मध्ये ऑरेंज स्टुडिओने याच गोष्टीची नवी मालिका, ट्रायगन स्टँपीड केली, 12 भाग, पूर्ण थ्रीडी. दिसायला जबरदस्त, हालचाल तर काय बोलायलाच नको. पण त्यात मेरिल विम्याची नाही, पत्रकार आहे, आणि गोष्ट पहिल्या भागापासून गंभीर. वाईट नाही. फक्त मला ती वही सापडली नाही त्यात, म्हणजे जखम आधी दिसते आणि हसणं नंतर, आणि तसं केलं की हिशोब लागत नाही.

[शेवटचा भाग. आवाज कमी करत जाणे. इथून पुढे शेवट सांगितलाय, बघायची असेल तर थांबा.]

शेवटी दोन भाऊ समोरासमोर. व्हॅश वुल्फवुडचा क्रॉस सोबत घेऊन गेलाय, त्याच्या बंदुका वापरतो, आणि गोळ्या झाडतो त्या भावाच्या हातापायांवर. मग लाल कोट काढून टाकतो, बंदूकही तिथेच. आणि ज्याने एवढी माणसं मारली त्याला पाठीवर घेऊन ऊन तुडवत चालायला लागतो. कोट मागे वाळूत फडफडतोय, कॅमेरा थोडा वेळ त्याच्यावरच थांबतो.

[गिटार. काळा पडदा.]