विचारता न येणारा प्रश्न

वकिलाच्या कार्यालयात फोन वाजतो. पलीकडची व्यक्ती घाईघाईने आपली कैफियत मांडू लागते आणि सहायक तिला पहिल्याच वाक्याला थांबवतो: "माफ करा, आधी समोरच्या पक्षाचे नाव सांगा." ऐकणाऱ्याला हे तुटक वाटते. पण हकीकत एकदा कानावर पडली की ती गोपनीय ठरते, आणि समोरचा पक्ष याच कार्यालयाचा पक्षकार निघाला, तर वकिलाला कदाचित दोघांचेही काम सोडावे लागते. एकाचे हित जपताना दुसऱ्याच्या हिताला धक्का लागण्याच्या या पेचाला हितसंघर्ष म्हणतात. म्हणून नाव आधी आणि हकीकत नंतर. हे नाव नोंदींमध्ये शोधताना त्या व्यक्तीच्या कंपन्या, संचालक आणि भागीदारही पाहावे लागतात. लग्नानंतर बदललेले आडनाव नेमके इथेच निसटते.

नावे जुळली नाहीत, तरी हितसंघर्ष नाहीच असे म्हणता येत नाही. सर्वांत फसवी प्रकरणे भांडणाची नसून सलोख्याची असतात. दोन मित्र हसतखेळत येतात. त्यांना भागीदारीचा करारनामा एकाच वकिलाकडून करून हवा असतो. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. मसुदा सुरळीत पुढे सरकतो, आणि भागीदारी मोडल्यास कोणाला काय मिळेल, या कलमापाशी येऊन थांबतो, कारण भांडवल घालणाऱ्याला जो सल्ला द्यायचा, तोच राबणाऱ्याच्या मुळावर येणारा असतो. एकाच्या हितासाठी विचारायला हवा असलेला प्रश्न दुसऱ्यामुळे गिळावा लागतो का, हीच खरी कसोटी आहे.

फौजदारी खटल्यात हा गिळलेला प्रश्न आरोपीच्या स्वातंत्र्यावर बेततो. अमेरिकेतील आर्कान्सास राज्यात तीन सहआरोपींसाठी एकच सरकारी बचाव वकील नेमला गेला. आरोपींनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींमुळे एकाच्या बचावासाठी दुसऱ्याची उलटतपासणी आपल्याला घेता येणार नाही, असे सांगून त्याने स्वतंत्र वकिलांची मागणी केली. ती फेटाळली गेली. तिघांनी साक्षीच्या पिंजऱ्यात आपापली हकीकत सांगितली आणि त्यांचाच वकील प्रश्न न विचारता उभा राहिला. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षा रद्द केल्या. नुकसान नेमके किती झाले, हे आरोपींनी सिद्ध करावे, अशी अपेक्षाही न्यायालयाने ठेवली नाही, आणि ते योग्यच होते: न विचारलेल्या प्रश्नाचा पुरावा आणणार कुठून?

संघर्ष सौम्य असेल, तर दोन्ही पक्षकारांना धोके समजावून त्यांची लेखी संमती घेता येते. अशा वेळी एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवली जाणार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करणे शहाणपणाचे असते. एकाच दाव्यात वादी आणि प्रतिवादी दोघांचे वकीलपत्र मात्र संमतीनेही घेता येत नाही. मोठ्या संस्था माहितीच्या आड अंतर्गत भिंत उभारतात, म्हणजे एका पक्षकाराची माहिती असलेल्या लोकांना दुसऱ्याच्या कामापासून वेगळे ठेवतात. परंतु ब्रुनेईचे राजपुत्र जेफ्री यांनी केपीएमजी या लेखापाल संस्थेविरुद्ध आणलेल्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1998 मध्ये ठरवले, की एकाच विभागात ऐनवेळी उभारलेली भिंत पुरेशी नाही.

उरतो तो मार्ग माघारीचा. अशा वेळी पक्षकाराला जाणारे पत्र सहसा दोन-तीन ओळींचेच असते. त्यात कारण लिहिता येत नाही, कारण ते कारणच बहुधा दुसऱ्या पक्षकाराचे गुपित असते.