सात दिवसांत वर्षाची रहदारी

(पडद्यावर: गणनापत्रक, पेन्सिलीचं टोक)

चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी आडवी. पाच गाड्या झाल्या. रस्त्यावरची रहदारी अशी मोजतात. पत्रकाच्या एका ओळीत पंधरा मिनिटं मावतात. वरच्या बाजूला रकाने आहेत: दुचाकी, रिक्षा, मोटार आणि जीप, छोटा हत्ती आणि टेम्पो, एसटी, दोन ॲक्सलचा (म्हणजे चाकांच्या आसांचा) ट्रक, तीन ॲक्सलचा ट्रक, त्याहून मोठा, नुसता ट्रॅक्टर, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल, बैलगाडी. वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, जीपच्याच रकान्यात जाते, आत माणसं चार असोत नाहीतर बारा. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असल्या तरी रेघ एकच. हे पहिल्याच पाळीला ठरवून द्यावं लागतं. नाहीतर एक गणक एक रेघ मारतो, दुसरा तीन, आणि पुढच्या आकडेमोडीला काही अर्थ उरत नाही.

(रस्ता, सकाळ)

हा कोल्हापूर–गगनबावडा रस्ता. बालिंग्याचा पूल ओलांडून वस्ती मागं पडली की गणनेची जागा. फुलेवाडीत उभं राहिलो तर शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाड्याही पत्रकात येतात. फाट्यावर उभं राहिलो तर वळणारी गाडी कुठल्या दिशेला धरायची याचा वाद होतो. पेट्रोल पंपासमोर तर नकोच. सरळ रस्ता, दोन्हीकडून दूरवर दिसेल असा, आणि रात्री बसायला सुरक्षित आडोसा. प्रत्येक दिशेला वेगळा गणक. पाळ्या आठ-आठ तासांच्या: सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा.

काढायची आहे वार्षिक सरासरी दैनिक रहदारी, म्हणजे वर्षभराच्या गाड्या भागिले ३६५. वर्षभर माणूस बसवणं परवडत नाही. म्हणून थोडे दिवस मोजायचं आणि गुणकांनी वर्षापर्यंत पोचायचं. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम वर्षातून दोनदा मोजायला सांगतो: एकदा सुगीच्या गर्दीत, एकदा मंदीत. दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. कमी रहदारीच्या ग्रामीण रस्त्यांना तीन दिवस चालतात. सातच का, तर सगळे वार येतात. मंगळवार ते गुरुवार मोजून निघालात तर शनिवार-रविवारी कोकणात उतरणाऱ्या मोटारी निसटल्या. आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीला फक्त रविवारी मोजलंत तर जोतिबाची गर्दी वर्षभराच्या नावावर चढली.

नियम चोख आहे. प्रत्यक्षात कात्री लागते ती आधी रात्रीला.

(रात्र. दुरून गाण्याचा आवाज, मग दिवा)

गाडीच्या आधी स्पीकर ऐकू येतो. मग दिवा दिसतो, एकच. पेंगुळलेला गणक दुचाकीच्या रकान्यात रेघ मारतो, आणि समोरून जातो ट्रॅक्टर, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. डावा दिवा गेलेला. गाड्या मोजणाऱ्या कॅमेऱ्यालाही हीच चूक होते. शिवाय ट्रॉलीच्या पलीकडून निघालेल्या दुचाक्या त्याला दिसतच नाहीत. म्हणून रात्रीची रेघ गाडी समोरून गेल्यावर मारायची, येताना नाही.

(क्लोज-अप: दवानं ओला झालेला कागद, टॉर्च)

डिसेंबरच्या पहाटे कागद दमट होतो, बॉलपेन उठत नाही. पेन्सिल लागते, पाठीमागं कडक पॅड लागतं. अंगात चमकपट्ट्यांचं जाकीट, आणि खुर्ची डांबराच्या कडेपासून लांब. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस खुर्चीवरच्या माणसाला लागू शकतो. तीन-चारच्या सुमाराला पत्रक खोटं बोलायला लागतं. ओळीमागून ओळ तेच आकडे, किंवा सगळ्या रकान्यांत पाच आणि दहा. चहाला जाऊन आल्यावर भरलेलं पान पर्यवेक्षकाला लगेच ओळखू येतं. पाळी बदलताना, दोन आणि दहाच्या ठोक्याला, आकडा अचानक खाली बसला तर तो रस्त्याचा दोष नसतो. आणखी एक ताळा: सात दिवसांत जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांची बेरीज साधारण जुळली पाहिजे. फार फरक आला तर गाड्या दुसऱ्या वाटेनं परततात का ते आधी बघायचं, मग गणकाला धरायचं.

रात्र इथं महत्त्वाची आहे, कारण ऊस रात्री चालतो. कारखाना चोवीस तास गाळतो. कुडित्र्याला कुंभी-कासारी, वर गगनबावड्याकडं डी. वाय. पाटील, हे इथले साखर कारखाने. दिवसा फडात तोड होते, भरणी संध्याकाळपर्यंत चालते, गाडी अंधारात रस्त्याला लागते आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावते.

(पडद्यावर आकडे)

समजा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासच मोजलं. दिवसभरातली सत्तर टक्के रहदारी या वेळात असते असं धरून ०.७ नं भागलं. ३,५०० गाड्यांचे ५,००० झाले. एकूण आकड्याला हे चालून जातं, कारण त्यात दुचाक्याच जास्त असतात आणि दुचाक्या दिवसा फिरतात. आता ट्रॅक्टर-ट्रॉलीचा रकाना घ्या. दिवसा ६० गेल्या. त्याच गुणकानं होतात ८६. रात्री बसून मोजलं तर आणखी ७० निघाल्या, म्हणजे खरा आकडा १३०. प्रत्येक तिसरी ट्रॉली गळाली. विस्तार गुणक, म्हणजे थोड्या तासांवरून पूर्ण दिवसावर नेणारा आकडा, वाहनप्रकारानुसार वेगळा काढायचा तो यासाठी. पूर्ण आठवडा रात्री बसणं शक्यच नसेल तर निदान एक-दोन दिवस चोवीस तास मोजून गुणक तिथूनच घ्यावा. दुसऱ्या रस्त्याचा उसना घेऊ नये.

(रबरी नळ्या, डांबरात ठोकलेले खिळे)

नळीचं यंत्र. दोन रबरी नळ्या रस्त्यावर आडव्या, ठरावीक अंतरावर. चाक नळीवरून गेलं की हवेचा दाब पेटीपर्यंत पोचतो. दोन नळ्यांमधल्या वेळेवरून वेग कळतो, वेगावरून ॲक्सलमधलं अंतर, आणि अंतरावरून गाडीचा प्रकार. ट्रकला हे छान जमतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीपाशी घोळ होतो. जोड लांब असते, यंत्र एका गाडीच्या दोन-तीन गाड्या करतं, नाहीतर मागं चिकटून आलेल्या दुचाकीला तिच्यातच धरतं. म्हणून पहिले काही तास माणूस आणि यंत्र शेजारी बसवून वर्गवारी पारखून घ्यायची. नळी सैल झाली किंवा खिळा निघाला की मोजणी थांबते, आणि पेटीवर बाहेरून काहीच कळत नाही.

(कारखान्याचा वजनकाटा, रात्र)

आता हंगाम. वर्षाचे बारा महिने कुठून आणायचे? एक प्रचलित मार्ग म्हणजे रस्त्यालगतच्या पंपांची महिन्यावार विक्री: वर्षाची मासिक सरासरी भागिले गणनेच्या महिन्याची विक्री, हा हंगामी गुणक. पेट्रोलवरून दुचाकी-मोटारींचा, डिझेलवरून ट्रक-ट्रॅक्टरांचा. सीमेजवळच्या कागलकडं हे फसतं. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या दरांत फरक पडला की गाड्या सीमेपलीकडं टाकी भरतात आणि विक्रीचा रहदारीशी संबंध तुटतो. दुसरा मार्ग किणी टोलनाक्याचे आकडे. ते बाराही महिने मिळतात, पण तो पुणे–बेंगळुरू महामार्ग. तिथला मालट्रक उसाच्या हंगामाकडं बघून निघत नाही. गुणक घ्यायचा तर त्याच स्वभावाच्या रस्त्याचा.

उसाच्या रस्त्याला त्याहून चांगला पुरावा इथं आहे, काट्यावर. प्रत्येक गाडीची नोंद होते: तारीख, वेळ, प्रकार, भरलेलं वजन, रिकामं वजन. पहिल्या मोळीपासून शेवटच्या खेपेपर्यंत. कायमस्वरूपी गणनाकेंद्र म्हणतात ते हेच, फक्त रस्तेवाले तिकडं फारसे फिरकत नाहीत.

समजा या रस्त्यानं दिवसाला २,४०० टन ऊस येतो आणि ट्रॅक्टर-ट्रक मिळून एका खेपेला सरासरी १६ टन बसतात. भरल्या खेपा १५०, परतीच्या रिकाम्या १५०. हंगामात ३०० अवजड फेऱ्यांची भर. एरवीच्या २०० धरल्या तर दिवसाला ५००. गाळप १५० दिवस चाललं तर वर्षाची बेरीज १,१८,०००, आणि सरासरी ३२३. फक्त सप्टेंबरात मोजणाऱ्याला २०० मिळतील, फक्त डिसेंबरात मोजणाऱ्याला ५००. दोघांचीही पत्रकं अचूक असतील.

(बैलगाडी, मागं वाहनांची रांग)

एक गल्लत टाळायची. रुंदी ठरवताना गाड्या पीसीयूमध्ये (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एका मोटारीच्या मापात) मोजतात. मोटार एक, दुचाकी अर्धा, ट्रक किंवा बस तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, बैलगाडी आठ. हा आकडा गाडी रस्ता किती अडवते त्याचा. डांबराच्या जाडीसाठी हिशेब वेगळा: तीन टन आणि त्यावरच्या मालवाहू गाड्या आणि बस, आणि त्यांचा ॲक्सलभार. तिथं बैलगाडी शून्य. ॲक्सलवर वीस टक्के जास्त भार टाकला तर नुकसान दुप्पट होतं, कारण ते साधारण चौथ्या घातानं वाढतं. म्हणून दिशाही वेगळी ठेवायची. भरल्या गाड्यांच्या बाजूला पडलेली चाकोरी इथं दिसतेच आहे.

कमी आकड्यावर बांधलेला रस्ता मुदतीआधी उखडतो, हे वेगळं सांगायला नको.

(पाण्याखालचा रस्ता, मांडुकली)

काही आठवडे मोजूच नयेत. याच रस्त्यावरच्या मांडुकलीला पुराचं पाणी आलं की हा रस्ता बंद. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की जिल्ह्यातली रहदारी वाटा बदलते, आणि ४३ फुटांच्या धोका पातळीला तर विचारूच नका. गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ किंवा भुईबावडा घाटांपैकी एक बंद असला तरी तेच. हंगामाच्या तोंडाला ऊसदराचं आंदोलन पेटतं, ट्रॉल्या अडवल्या जातात. त्या आठवड्याचा ट्रॉलीचा रकाना सरासरीत घेतला तर गुणक कितीही बारकाईनं काढा, उत्तर चुकणारच. दिवाळी झाली, तोडणीच्या टोळ्या आल्या, गाळप अंगात आलं की मग सात दिवस धरावेत. दुसरी फेरी पाऊस ओसरल्यावर, त्याच किलोमीटरच्या दगडापाशी.

पत्रकाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. बहुतेक वेळा कोरा. रस्ता अडला का, यात्रा होती का, कारखाना बंद पडला होता का, ते तिथंच आणि त्याच तासाला लिहायचं. अहवालात नुसतं ‘३२३’ लिहू नये. गाळपात ५००, एरवी २००, गणनेच्या तारखा या, गुणक इथून घेतले, असं चारही ठेवावं. ते असलं तर पुढच्या हंगामात वजनकाट्याच्या नोंदी लावून आकडा दुरुस्त करता येतो.