‘मूळ देश’ नावाचा रकाना

मंडळी, आकड्यांवरून धोरण कसं ठरतं, हा आजचा विषय. पण आधी सीमाशुल्काच्या कागदावरच्या एका रकान्यापाशी थांबू या. ‘मूळ देश.’ तिथे नाव एकाच देशाचं लिहायचं असतं. वस्तूचं रूप शेवटचं जिथे लक्षणीय बदललं, तो तिचा मूळ देश, आणि मालाची सगळी किंमत त्याच्याच खात्यावर चढते. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे ‘सगळी’.

२००९ सालचा आयफोन थ्रीजी घ्या. युचिंग शिंग आणि नील डेटर्ट या अभ्यासकांनी २०१० मध्ये त्याचा भागवार हिशेब मांडला. एका फोनचा उत्पादनखर्च १७८.९६ डॉलर. त्यातले ५९.२५ जपानच्या तोशिबाचे: फ्लॅश मेमरी, डिस्प्ले, टचस्क्रीन. जर्मनीच्या इन्फिनिऑनचे २८.८५, कोरियाच्या सॅमसंगचे २२.९६. आणि चीनमध्ये झालेल्या जोडणीचे? साडेसहा डॉलर! शंभरातले चारसुद्धा नाहीत.

त्या वर्षी अमेरिकेत असे १ कोटी १३ लाख फोन गेले. फोनमधले अमेरिकी भाग वजा करूनही चीनशी व्यापारातली तूट, म्हणजे निर्यातीपेक्षा जास्तीची आयात, दिसली १९० कोटी डॉलरची. चीनच्या हाती जोडणीचे पडले जेमतेम ७ कोटी ३० लाख. उरलेली तूट खरं तर जपान, जर्मनी, कोरिया वगैरेंशी होती, पण नाव लागलं चीनचं. ॲपलचा नफा तर या रकान्यांत कुठेच नाही.

जाता जाता आणखी एक. निर्यात साधारणपणे जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने मोजतात, आयात मात्र बहुतेक देश भाडं आणि विमा धरून मोजतात. त्यामुळे एकाच मालाचे दोन देशांतले आकडे जुळत नाहीत, आणि त्यावरूनही वाद पेटतात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला मुद्दा भराभर सांगतो. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जशास तशी म्हणून आयातशुल्कं जाहीर केली. सूत्र असं: त्या देशाशी मालाच्या व्यापारात असलेली तूट भागिले तिथून होणारी आयात, आणि आलेल्या टक्क्यांचं निम्मं. सेवा त्यात धरल्याच नाहीत. व्हिएतनामशी तूट सुमारे १२३ अब्ज डॉलर, आयात सुमारे १३७ अब्ज. भागाकार ९० टक्क्यांहून किंचित जास्त, निम्मे ४५ हून किंचित जास्त, ते वरच्या पूर्णांकात नेऊन शुल्क ४६.

कुठल्या देशाने किती मूल्य घातलं, हे दाखवणारे तक्ते ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना आणि जागतिक व्यापार संघटनेने जानेवारी २०१३ पासून दिले आहेत. पण त्यासाठी प्रत्येक देशाची आदान-प्रदान कोष्टकं, म्हणजे कुठल्या उद्योगाने कुणाकडून किती माल घेतला याची, लागतात, ती तयार होऊन जुळवायला वर्षं जातात. सीमाशुल्काचा आकडा दर महिन्याला येतो. वाटाघाटीला बसणाऱ्याच्या हातात तोच असतो. व्हिएतनाममधून निघालेल्या मालात चीनचे भाग किती, कोरियाचे किती, हे विचारायला त्या भागाकारात जागाच नव्हती.