खरखर पुसायची की ठेवायची?

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी शॉर्टवेव्हचा रेडिओ होता, त्यांना तो आवाज मी तोंडाने काढून दाखवायला नको. काटा २५ मीटरवरून ३१ मीटरकडे सरकवताना येणारी शीळ, मग खरखर, मग न कळणाऱ्या भाषेत बातम्या वाचणारी एखादी बाई, पुन्हा खरखर, आणि मध्येच लख्ख ऐकू येणारी पितळी वाद्यांची धून. वडील ओरडायचे, "अरे, एका ठिकाणी लाव आणि गप्प बस!" मला मात्र स्टेशन लागण्यापेक्षा काटा फिरवण्यातच गोडी होती.

आज 'डॅझल शिप्स' नावाच्या ज्या अल्बमबद्दल बोलणार आहे, तो अशीच खोड असलेल्या दोन पोरांचा आहे. इंग्लंडमध्ये मर्सी नदीच्या एका काठाला लिव्हरपूल आणि समोरच्या बाजूला विरल नावाचा जमिनीचा पट्टा. तिथले अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज हे शाळेपासूनचे दोस्त. पॉलला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. मावशीचे जुने रेडिओ उघडून त्यातल्या भागांपासून तो आवाज करणारी खोकी बनवायचा. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये अँडीने लिव्हरपूलमध्ये क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या जर्मन बँडचा कार्यक्रम पाहिला. आपण बसलो होतो ती क्यू ३६ नंबरची खुर्ची तो अजून सांगतो. पुढे त्यांनी आईच्या नावाने, घरपोच माल देणाऱ्या कॅटलॉगमधून, पहिला सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, हप्त्याने घेतला: आठवड्याला ७ पौंड ७६ पेन्स, असे ३६ आठवडे. आपल्याकडे मिक्सर असा घेतात.

बँडचं नाव त्यांनी मुद्दाम लांबलचक ठेवलं, ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क. लोकांनी त्याचं ओएमडी केलं. पंक या आरडाओरडीच्या, बंडखोर रॉक संगीताचा धुरळा खाली बसत होता तो हा काळ. पंकने सांगितलं होतं की वाजवता येत नसलं तरी चालेल, या पोरांनी त्यात भर घातली की गिटार नसली तरी चालेल. गंमत अशी, की निघालेलं संगीत गुणगुणण्यासारखं होतं. १९८१ चा त्यांचा तिसरा अल्बम सुमारे ३० लाख खपला, असं बँडची मंडळी सांगतात. कंपनीला अर्थातच तस्साच आणखी एक हवा होता.

त्याऐवजी मार्च १९८३ मध्ये आला 'डॅझल शिप्स'.

आता कल्पना करा. प्रेमगीतांच्या आशेने तुम्ही रेकॉर्ड घरी आणली, सुई ठेवली, आणि पहिल्यांदा काय ऐकू येतं? रेडिओ प्रागची ओळखधून. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाचं सरकारी केंद्र! पुढे एका तुकड्यात वेगवेगळ्या देशांतली टेलिफोनवरची बोलकी घड्याळं एकावर एक वेळ सांगत सुटतात. 'जेनेटिक इंजिनिअरिंग' या गाण्यात मुलांना स्पेलिंग शिकवणारं, १९७८ सालचं एक बोलकं खेळणं शब्द उच्चारतं. 'इंटरनॅशनल'ची सुरुवात एका बातमीने होते, निकाराग्वातल्या एका मुलीचे हात मनगटापासून तोडल्याची. आणि शीर्षकाच्या तुकड्यात पाणबुडीच्या सोनारचे ठोके आणि धुक्यातले भोंगे, गाणं म्हणावं असं काहीच नाही. एकूण १२ तुकडे, जेमतेम ३५ मिनिटं.

नावाचीही एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश जहाजं बुडवत होत्या. समुद्रात जहाज लपवणार कसं? मग १९१७ मध्ये नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने उलटाच विचार मांडला: लपवूच नका, उठून दिसेल असे काळे-पांढरे तिरपे पट्टे ओढा, म्हणजे पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला जहाजाचं तोंड कुठे, वेग किती, याचा अंदाज लागणार नाही. डोळे दिपवणारी ही जहाजं, म्हणजेच 'डॅझल शिप्स'. एडवर्ड वॉड्सवर्थ या चित्रकाराने अशी जहाजं रंगवून घेण्याचं काम केलं आणि १९१९ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीतल्या एका जहाजाचं मोठं चित्र काढलं. अल्बमला नाव मिळालं ते त्या चित्रावरून. मुखपृष्ठही पट्ट्यापट्ट्यांचं, जागोजागी कापून खिडक्या केलेलं.

अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला खरा, पण तो आधीच्या पुण्याईवर. गाणी मात्र आपटली, 'टेलिग्राफ' तर ४२ वर थांबलं. आधी ३० लाख, आता ३ लाख. घाबरून बँडने पुढच्याच वर्षी गोड, नाचण्याजोगा अल्बम काढला, आणि पुन्हा असा वेडेपणा कितीतरी वर्षं केला नाही.

या अल्बमची नवी आवृत्ती निघाली २००८ मध्ये, रिमास्टर करून, सोबत सहा जादा तुकडे घालून. त्यात एकाचं नाव चक्क 'स्विस रेडिओ इंटरनॅशनल'. २०२३ मध्ये चाळिशीनिमित्त पुन्हा एक निघाली, कच्च्या, आधी न ऐकलेल्या ध्वनिमुद्रणांसह.

रिमास्टर म्हणजे नेमकं काय, हे इथे जरा थांबून सांगतो, कारण दुकानदारसुद्धा "आवाज सुधारलाय" एवढंच सांगतात. गायक, ढोल, सिंथेसायझर यांचे वेगवेगळे पट्टे, म्हणजे ट्रॅक, एकत्र करून दोन पट्ट्यांची एक टेप बनते, ते मिक्सिंग. त्या टेपवरून रेकॉर्ड किंवा सीडी काढण्याआधी शेवटचा हात फिरवतात, ते मास्टरिंग. रिमास्टर करणारा माणूस ढोल वेगळा उचलू शकत नाही. पीठ मळून झालंय, पोळी पुन्हा लाटायची, एवढंच त्याच्या हातात. १९८३ मध्ये लाटणाऱ्याला रेकॉर्डचा धाक होता: खर्ज जास्त झाला की सुई उडते, मध्याकडच्या खाचांमध्ये 'स' आणि 'श' फाटतात. सीडीला तो धाक नाही. म्हणून २००८ च्या आवृत्तीत 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप'चा ढोल पोटात लागतो. माझ्या हॉस्टेलच्या कॅसेटवर तो उशीवर थाप मारल्यासारखा यायचा.

पण खरी पंचाईत खरखरीची. जुन्या ७८ च्या रेकॉर्डवरची नाट्यपदं सीडीवर आली तेव्हा काय झालं ते आठवा. खरखर पुसता पुसता काही ठिकाणी वरच्या पट्टीतली लकाकी पुसली गेली, आणि गवई घोंगडी पांघरून गातोय असं वाटायला लागलं. तिथे निदान खरखर हा कचरा होता. इथे ती मजकूर आहे! शॉर्टवेव्हची शीळ, लाटेसारखा वर-खाली होणारा आवाज, हे सगळं अँडी आणि पॉलने मुद्दाम गोळा केलंय. टेपची सळसळ मात्र नकोशी. एक खरखर ठेवायची आणि दुसरी घालवायची, आणि दोन्ही एकाच पट्टीवर बसलेल्या. माझ्या कानाला तरी २००८ चं काम सभ्य वाटतं. रेडिओ रेडिओसारखाच वाटतो, आणि त्यामागची शांतता जास्त काळी झालीय. जादा तुकड्यांबद्दल माझं मत विचाराल, तर एकदा ऐकावेत आणि सोडून द्यावेत. 'ऑफ ऑल द थिंग्ज वी'व्ह मेड' संपल्यावर अल्बम संपतो.

दरम्यान जगच बदललं. स्विस रेडिओ इंटरनॅशनल २००४ मध्ये बंद झालं. रेडिओ प्रागने जानेवारी २०११ च्या शेवटी शॉर्टवेव्ह थांबवलं. म्हणजे नवी आवृत्ती ज्या आकाशातले आवाज स्वच्छ करून देत होती, ते आकाश तोवर रिकामं होत चाललं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये लिव्हरपूलच्या वस्तुसंग्रहालयात ओएमडीने हा अल्बम मंचावर सादर केला, आणि जवळच्या गोदीत त्याच वर्षी पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेलं एक खरं जहाज उभं होतं.

जाता जाता प्रागवरून आठवलं. पहाटे केंद्र सुरू होताना आकाशवाणीची जी धून वाजते, तंबोऱ्यावरचं व्हायोलिन, तिचं श्रेय वॉल्टर काउफमन या संगीतकाराला दिलं जातं. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबादचे, शिकले बर्लिन आणि प्रागला. हिटलरच्या काळात १९३४ मध्ये मुंबईत आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीत नोकरीला लागले. तेव्हा 'डॅझल शिप्स' लावाल तो रात्री लावा, पहाटेच्या सभेला थोडा वेळ उरलेला असताना. आधी प्रागची धून ऐका, मग काटा आपल्या केंद्रावर आणा. मध्ये जी खरखर येईल ती येऊ द्या.

नमस्कार.