भल्या माणसांची गढी

(दृश्य: धुक्यातलं कुरण. मधोमध काटेरी झाडांनी वेढलेला मातीचा गोल बांध.)

आयर्लंडच्या शेतांमधून जाताना असा गोल बांध मध्येच समोर येतो. शेतकऱ्याने चहूकडची जमीन वापरली, एवढीच सोडली.

ही जुनी गढी. साधारण इ. स. 500 ते 1000 या काळात इथे शेतकरी कुटुंब राहायचं. बाहेर खंदक, मग मातीचा बांध, आत घर. अशा 40 हजारांहून जास्त गढ्यांची नोंद आहे. आयरिश भाषेत गढीला 'राथ' किंवा 'लिस' म्हणतात. रॅथमाइन्स, लिस्मोर ही नावं त्यातूनच आली.

माणसं गेली आणि गढ्या 'त्यां'च्या झाल्या. परी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंखांची नाजूक बाहुली येते. ती इथे नाही. इथल्या पऱ्या म्हणजे 'शी' लोक, माणसांसारखेच, मानी आणि चटकन दुखावणारे. म्हणून म्हातारी मंडळी त्यांना 'भली माणसं' म्हणत. गढीवरचं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडलं तर गुरं मरतात, हात लुळा पडतो, असं घरोघरी सांगितलं जाई. स्वतंत्र आयर्लंडचा स्मारकांच्या रक्षणाचा कायदा 1930 मध्ये आला. त्याआधी कितीतरी पिढ्या गढ्या राखल्या त्या याच धाकाने.

(दृश्य: तारा टेकडी. वारा. उभा दगड.)

मीथ परगण्यातली ही तारा, जुन्या राजांची टेकडी. हा दगड 'लिया फॉल'. खरा राजा आला की तो गर्जना करायचा, अशी कथा आहे. तो आणला तुआहा डे डॅनन या दैवी कुळाने. पुढे हरल्यावर ते टेकड्यांच्या पोटात राहायला गेले. गढीतली भली माणसं ती हीच.

26 मे 1798. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेले शेतकरी भाले घेऊन याच टेकडीवर उभे राहिले. केस बारीक कापलेले म्हणून त्यांना 'क्रॉपी' म्हणत. समोर बंदुका आणि तोफ. सुमारे 400 जण पडले, असं सांगतात. 1824 मध्ये लिया फॉल मूळ जागेवरून हलवून त्यांच्या दफनभूमीवर उभा केला.

मला इथे थांबावंसं वाटतं. राजाला ओळखणारा दगड, आणि तो उभा आहे नांगरधऱ्यांच्या उशाशी!

क्रॉपींच्या खिशात वाटेत खायला जव असायचा. पुढच्या वसंतात त्यांच्या निनावी थडग्यांवर जव उगवला, अशी आठवण लोक सांगत आले.

(दृश्य: जुनी वही, शाईतलं बाळबोध अक्षर.)

1937 ते 1939 या काळात आयर्लंडमधल्या हजारो शाळांतल्या मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून अशा गोष्टी उतरवून घेतल्या. त्या वह्यांमध्ये गढीवर रात्री दिसलेले दिवे आहेत, आणि 1798 चे क्रॉपीही आहेत. गोष्ट संपली की मुलं खाली लिहीत: कोणी सांगितली, आणि सांगणाऱ्याचं गाव कोणतं.