शंभर अंशांवर थांबलेला पारा

चंचुपात्रात पाणी, खाली बर्नर आणि पाण्यात बुडवलेला तापमापी. पारा चढतोय. काचेला बारीक बुडबुडे चिकटलेत. ही वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय. खरी उकळी पुढे फुटते. मोठे बुडबुडे तळापासून उसळून वर येतात, आणि पारा 100 अंश सेल्सिअसला थांबतो.

आता आच वाढवा. उकळी जोरात फुटेल, पाणी भराभर आटेल, पण पारा जागचा हलणार नाही. मग एवढी उष्णता जाते कुठे?

हा प्रश्न 1760च्या दशकात ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांनी धसास लावला. पाण्याला उकळी यायला किती वेळ लागतो आणि ते पूर्ण आटायला किती, हे त्यांनी मोजलं. आटायला कितीतरी जास्त वेळ लागत होता. म्हणजे पाणी उष्णता घेत होतं, तापमापीला मात्र तिचा पत्ता नव्हता. हीच सुप्त उष्णता.

तिचं प्रमाण थक्क करणारं आहे. एक किलो पाणी शून्यापासून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 420 किलोज्यूल पुरतात. त्याच पाण्याची 100 अंशांवर वाफ करायला लागतात जवळपास 2,260! ही ऊर्जा रेणूंना एकमेकांच्या ओढीतून सोडवण्यात खर्ची पडते. वाफ पुन्हा पाणी होताना ती सगळी परत करते, म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो.

किटलीच्या तोंडाशी नीट पाहा. तोंडाला लागूनच थोडी जागा रिकामी दिसते. खरी वाफ तिथे आहे, आणि ती अदृश्य असते. त्यापुढचा पांढरा लोट म्हणजे गार होऊन झालेले पाण्याचे थेंब.

बाष्पीभवनाला मात्र उकळीची वाट पाहावी लागत नाही. ते कुठल्याही तापमानाला, फक्त पृष्ठभागावरून होत राहतं. सर्वांत वेगवान रेणू निसटतात, मागे उरतात ते संथ, आणि द्रव गार होतो. खारं पाणी आटलं की मीठ तळाशी राहतं, कारण या तापमानाला मिठाची वाफ होत नाही.

आयोडीनचे स्फटिक मंद आचेवर ठेवले, की जांभळी वाफ उठते आणि वरच्या गार काचेवर पुन्हा स्फटिक जमतात. पदार्थ तोच राहतो. साखरेचं तसं नाही. तापत गेली की ती वितळते, तपकिरी होते, शेवटी काळा कोळसा उरतो. तो गार करून साखर परत मिळत नाही.

या दोन्हींच्या मधला, आणि मला सर्वांत देखणा वाटणारा, प्रयोग मोरचुदाचा. परीक्षानळीत निळे स्फटिक आहेत. आच लागताच कडेचा निळा रंग फिका पडू लागतो, नळीच्या गार तोंडाशी थेंब जमतात आणि हळूहळू पांढरी पूड उरते. हे थेंब स्फटिकाच्या आतलेच. मोरचुदाच्या घडणीत कॉपर सल्फेटच्या एका घटकामागे पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. आच बेताचीच हवी; अती तापवलं तर सल्फेटच मोडतं आणि काळं कॉपर ऑक्साइड उरतं.

पूड गार झाल्यावर तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. ती क्षणात निळी होते, आणि नळी गरम लागते. पाणी हाकलताना दिलेली उष्णता परत बाहेर येते. एखाद्या द्रवात पाण्याचा अंश आहे का, हे तपासायला प्रयोगशाळेत हीच पांढरी पूड वापरतात.