मारायचं औषध, घ्यायचं औषध : मेडिसिनल केमिस्ट्री वाचायची कशी?

(टेबलावर कोरे कागद, दोन मार्कर. मागं फळा. थेट कॅमेऱ्याकडं बघून.)

एमएस्सीला ॲडमिशन घेतल्यावर पहिल्यांदा गावाकडं गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पैठण तालुक्यातलं गाव आमचं. ऑगस्टचे दिवस, कपाशी कमरेला आलेली. माझे चुलते, आम्ही नाना म्हणतो त्यांना, फवारणीचा पंप धूत बसले होते. म्हणाले, "काय शिकायलास रे तिकडं?" म्हटलं, "औषधाची केमिस्ट्री, नाना." त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "कोणतं औषध? मारायचं का घ्यायचं?"

तेव्हा मी हसलो. आता पोरांना हाच विषय शिकवतो तर वाटतं, आमच्या सरांनी पहिल्या तासाला हाच प्रश्न फळ्यावर लिहायला पाहिजे होता. आमच्याकडं कृषी केंद्रातून आणलेला डबा पण औषध आणि मेडिकलातून आणलेली गोळी पण औषध. "औषध मारलं का?" म्हणजे फवारणी झाली का. शहरातली माणसं याला गावंढळ बोलणं म्हणतात. पण बी.फार्मच्या चौथ्या सेमिस्टरचं मेडिसिनल केमिस्ट्रीचं पुस्तक उघडा. निओस्टिग्मिन हे घ्यायचं औषध, त्याच्या खाली, त्याच यादीत, मॅलाथिऑन आहे. पॅराथिऑन आहे. ही दोन्ही फवारायची. म्हणजे अभ्यासक्रम करणारेही नानांच्याच बाजूचे निघाले.

आणि तुम्ही ती यादी पाठ करता. मीही केली होती. होस्टेलच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत, एका रात्रीत चाळीस स्ट्रक्चर. पेपर झाला, आठ दिवसांत सगळं साफ. म्हणून आज एकच पान घेऊ आणि ते वाचू. पाठ करायचं नाही, वाचायचं.

(कागदावर रेणू काढतो, कागद कॅमेऱ्यासमोर धरतो.)

हे ॲसिटिलकोलिन. एका नसेकडून पुढच्या नसेला, नाही तर स्नायूला, निरोप पोचवणारा रेणू. निरोप असा रसायनानं जातो हे शोधल्याबद्दल डेल आणि लोवी या दोन शास्त्रज्ञांना 1936 चं नोबेल मिळालं. उजव्या टोकाला नायट्रोजन, त्याला तीन मिथाइल आणि डोक्यावर अधिकचं चिन्ह. डाव्या टोकाला ॲसिटिल. दोघांच्या मध्ये एस्टरचा सांधा. निरोप पोचला की हा सांधा तोडावा लागतो, नाहीतर निरोप वाजतच राहतो. तोडणारं एन्झाइम म्हणजे ॲसिटिलकोलिनएस्टरेज. त्याच्या पोटात सेरीन नावाच्या अमिनो आम्लाचा एक ओएच आहे. तो ओएच ॲसिटिलला पकडतो, कोलिन सुटतं, मग पाणी येऊन ॲसिटिल सोडवतं आणि एन्झाइम पुन्हा मोकळं. एका सेकंदात हजारो वेळा.

आता जिनिंगवरचा वजनकाटा डोळ्यासमोर आणा. दिवाळीनंतरचा, कापसाच्या गाड्यांची लाईन रस्त्यापर्यंत आलेली. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, उतरली, पुढची चढली. हे ॲसिटिलकोलिन. आता एक गाडी काट्यावर चढली आणि ड्रायव्हर चहाला गेला. अर्धा तास लाईन ठप्प, पण ड्रायव्हर येणार हे नक्की. हा कार्बामेट. निओस्टिग्मिन त्यातलंच, 1931 चं. ऑपरेशन संपल्यावर भूलतज्ज्ञ स्नायू परत चालू करायला देतात, मायस्थेनियाच्या, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराच्या, पेशंटला देतात. सेरीनवर तो ॲसिटिलच्या जागी कार्बामिल ठेवून जातो आणि पाण्याला ते सोडवायला मिनिटं लागतात. आणि तिसरी गाडी, काट्यावर चढली आणि तिथंच ॲक्सल तुटला. हा ऑरगॅनोफॉस्फेट, मॅलाथिऑन त्यातलंच. सेरीनवर फॉस्फरस बसला. पाणी त्याला सोडवायला गेलं तर तास लागतात, दिवस लागतात.

काटा एकच आहे, हे लक्षात घ्या. निओस्टिग्मिन त्याच काट्यावर, फवारणीचा डबा त्याच काट्यावर. नानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळालं. गाडी किती वेळ अडते, त्यावर मारायचं का घ्यायचं ते ठरतं. उरलेलं अर्धं डोसवर.

मग तुम्ही म्हणाल, मॅलाथिऑन किड्याला मारतं, माणसाला त्या मानानं कमी का? हे पान मला फार आवडतं. मॅलाथिऑनमध्ये फॉस्फरसला दुहेरी बंधानं ऑक्सिजन नाही, सल्फर जोडलेला आहे. या रूपात ते काट्यावर नीट चढतच नाही. शरीरात गेल्यावर सल्फर काढून तिथं ऑक्सिजन बसवला जातो, मॅलाऑक्सॉन तयार होतं, आणि खरं विष ते. पण त्याच रेणूला दोन इथाइल एस्टरचे हात आहेत. आपल्या यकृतात कार्बॉक्सिलएस्टरेज भरपूर, ते हे हात आधीच छाटून टाकतं. किड्याकडं ते एन्झाइम कमी. त्याच्यात सल्फरचा ऑक्सिजन आधी होतो, आपल्यात हात आधी तुटतात. शर्यत आहे ही. म्हणूनच काही देशांत अर्धा टक्का मॅलाथिऑनचं लोशन उवांसाठी चिठ्ठीवर मिळायचं. (बोट वर करून) ते वेगळं, शुद्ध केलेलं, औषधी दर्जाचं. शेतातला डबा कुणाच्याही डोक्याला लावायचा नाही, हे मला सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगतो. आणि माणसाला कमी म्हणजे निर्धोक नव्हे.

आता मोनोक्रोटोफॉस बघा. यात फॉस्फरसवर ऑक्सिजन आधीच बसलेला आहे. शर्यतच नाही, थेट काट्यावर. फॉस्फरसवरच्या त्या एका अणूचा फरक. परीक्षेत "राइट अ नोट ऑन" येतं तेव्हा पोरं दोन्हींच्या नावापुढं "टॉक्सिक" एवढंच लिहितात. तो एक अणू दाखवला तर मी तरी पूर्ण मार्क देईन.

(फळ्यापाशी जातो.)

आता जरा घरचं सांगतो. माझ्या दुसऱ्या सेमिस्टरच्या सुमारास नानांना फवारताना औषध लागलं, म्हणजे विषबाधा झाली. नोझल तुंबलं होतं, ते तोंडानं फुंकलं नाही एवढं नशीब, पण पंप पाठीवर गळत होता आणि शर्ट ओला तसाच तीन तास अंगावर. संध्याकाळी घाम, तोंडाला लाळ, छातीत घरघर. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे दाखवले मला. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली. ते बघताना माझ्या डोक्यात पुस्तकाचं पान आलं, "मायोसिस". पाठ केलेला शब्द पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात दिसला.

ॲट्रोपिन सुरू झालं. आपल्या बांधावरच्या धोतऱ्यात हेच असतं, पण झाडाच्या पानात किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तो उपाय घरी करायचा नाही, कधीच नाही. ॲट्रोपिन काटा दुरुस्त करत नाही. ते फक्त निरोप घेणारी दारं लावून घेतं, तीही मस्कॅरिनिक तेवढीच. लाळ थांबते, छाती मोकळी होते, नाडी वाढते. स्नायूंची दारं निकोटिनिक, तिथं ॲट्रोपिनचं काही चालत नाही. म्हणून असा पेशंट लाळ थांबल्यावरही श्वासाच्या स्नायूंनी दगा देऊ शकतो आणि व्हेंटिलेटर लागतो. हे "सिलेक्टिव्हिटी" नावाचं प्रकरण, ज्याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो.

काट्यावरची गाडी उचलायला क्रेन लागते. ती क्रेन म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, दवाखान्यात सगळे पॅम म्हणतात. 1955 च्या सुमाराला विल्सन नावाच्या शास्त्रज्ञांनी ती विचार करून बनवली, अपघातानं सापडली नाही. रेणू बघा. पिरिडिनियमची कडी, नायट्रोजनवर अधिक चिन्ह. का? कारण ॲसिटिलकोलिनचा अधिक चिन्हवाला नायट्रोजन जिथं बसतो, तिथं हाही बसावा. आणि कडीच्या बाजूला ऑक्सिमचा हात, बरोबर त्या अंतरावर की त्याचं टोक फॉस्फरसपर्यंत पोचावं. फॉस्फरस ओढून घेतो, सेरीन मोकळं. जागा बघून हत्यार घडवलंय.

इथं एक चूक दुरुस्त करून घ्या. जुन्या पुस्तकात त्या बसायच्या जागेला "ॲनायॉनिक साइट" म्हणतात आणि तिथं उणे चिन्ह काढतात. 1991 मध्ये टॉर्पीडो नावाच्या विजेच्या माशातल्या या एन्झाइमची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा दिसलं की खोल, अरुंद घळीच्या तळाशी ट्रिप्टोफॅनची चपटी कडी आहे आणि अधिक चिन्ह मुख्यतः तिच्या इलेक्ट्रॉनवर विसावतं. नाव जुनंच राहिलं. परीक्षेत नाव लिहा, डोक्यात कडी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रेन कधीपर्यंत चालते? सेरीनवर बसलेला फॉस्फरस काही वेळानं आपला एक अल्किल गट टाकून देतो. त्याला एजिंग म्हणतात. मग तिथं ऑक्सिजनवर उणे भार उरतो आणि ऑक्सिमला फॉस्फरसवर घाव घालता येत नाही. गाडी काट्याला वेल्ड झाली म्हणा. हे किती वेळात होतं ते त्या अल्किलवर. फॉस्फरसवर दोन मिथॉक्सी असतील, जसं मॅलाथिऑन, मोनोक्रोटोफॉस, तर काही तासांतच निम्म्याहून जास्त खेळ संपतो. दोन इथॉक्सी असतील, जसं क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, तर दिवसभराहून जास्त मुदत मिळते. मिथाइल का इथाइल, एका कार्बनचा फरक आणि तेवढ्यात रात्र की सकाळ ठरते. म्हणून कुणाला लागलं तर ओले कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, लगेच दवाखाना गाठा आणि डब्याचं लेबल, नाहीतर निदान लेबलचा फोटो, सोबत न्या.

पॅमनं किती फायदा होतो यावर डॉक्टरांचं एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. 2006 मध्ये बारामतीच्या डॉक्टरांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात मोठ्या डोसचं सतत सलाइन फायद्याचं दिसलं. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. कागदावर इतका सुंदर बसणारा रेणू आणि वॉर्डात असं. मला यावर फार विचार करावासा वाटतो.

(टेबलापाशी परत येतो.)

प्रॅक्टिकलमध्ये पार्टिशन कोइफिशंट, म्हणजे औषध तेलकट थरात किती आणि पाण्यात किती जातं ते मोजणं, करता ना? सेपरेटिंग फनेलमध्ये ऑक्टेनॉल आणि पाणी, औषध टाकून हलवायचं, मध्ये मध्ये उलटं धरून कॉक उघडून वाफ सोडायची, मग दोन थर होईपर्यंत स्टँडला लावून बसायचं. सगळी बॅच या प्रॅक्टिकलला कंटाळते. ऑक्टेनॉलचा तो तेलकट वास दुपारच्या डब्यापर्यंत बोटांना राहतो. मी आता पोरांना एकच सांगतो, वरचा थर म्हणजे कातडीतली चरबी समजा. जे औषध वरच्या थरात पळतं ते ओल्या शर्टातून पाठीत पळतं. नानांचा शर्ट तीन तास अंगावर होता, त्याचा लॉग पी, म्हणजे याच मापाचा लॉग, हा असा. निओस्टिग्मिन, पॅम यांच्यावर कायमचं अधिक चिन्ह, ते खालच्या थरात बसून राहतात, म्हणून मेंदूत फारसे शिरत नाहीत.

कुणीतरी विचारणारच म्हणून पटकन सांगतो. बीएस्सी केमिस्ट्री असेल तर छत्रपती संभाजीनगरला आपलं विद्यापीठ, 1958 चं, आणि नांदेडचं 1994 चं, दोन्हीकडं एमएस्सीची वाट आहे. बी.फार्म असेल तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला कंपन्या आहेत, पण पहिली नोकरी बहुतेक क्वालिटी कंट्रोलची, एचपीएलसी या औषध तपासायच्या यंत्रासमोर शिफ्टमध्ये. नवा रेणू घडवायचं काम बहुतेक पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडं आणि त्याला साधारण पीएचडी लागते. स्वप्न दाखवून मी कुणाला बसवणार नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक. पुस्तक इंग्रजीच राहणार, त्याला इलाज नाही. पण रेणू आधी मराठीत बोलून बघा, मोठ्यानं. हा कुठं बसतो, याचा हात कुठं पोचतो, याला कोण तोडतं. हे बोलता आलं की इंग्रजी उत्तर लिहायला अर्धा तास लागत नाही.

आणि या सुट्टीत गावाकडं जाल तेव्हा गोठ्यात नाहीतर माळ्यावर बंद डबे असतीलच. लेबलवरचं नाव वहीत उतरवा, स्ट्रक्चर शोधून काढा. फॉस्फरस आहे का, त्याच्यावर सल्फर का ऑक्सिजन, मिथॉक्सी का इथॉक्सी, एवढं शेजारी लिहा. डबा उघडायचा नाही, लेबलच वाचायचं, आणि हात धुवायचे. माझ्या वहीत नानांच्या माळ्यावरची नावं आहेत. त्यातली दोन आता पुसट झालीयेत, कारण त्यांच्यावर चहा सांडला होता. नानांनीच सांडला, लेबल माझ्या हातात बघून.